मोसूलची मोजदाद

१० जुलै २०१७ रोजी इराकचे तेव्हाचे पंतप्रधान हैदर अल-अबादी यांनी मोसूल शहर 'इस्लामिक स्टेट'च्या तावडीतून मुक्त झाल्याची घोषणा केली. १७ ऑक्टोबर २०१६ च्या पहाटे सुरू झालेली लढाई जवळजवळ नऊ महिने चालली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर एखाद्या मोठ्या शहरात गल्लीबोळांतून इतकी दीर्घ लढाई क्वचितच झाली असेल. या लढाईत किती नागरिक मेले, हा साधा प्रश्न. त्याच वर्षाच्या अखेरीपर्यंत त्याला चार उत्तरे मिळाली होती.

अमेरिकेच्या नेतृत्वाखालील आंतरराष्ट्रीय आघाडीने आपल्या हल्ल्यांत ३२६ नागरिक मरण पावल्याचे मान्य केले. अबादींनी लढाईत १,२६० नागरिक मारले गेल्याचे सांगितले. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अहवालात किमान २,५२१ हा आकडा आला. त्यातले बहुसंख्य मृत्यू इस्लामिक स्टेटच्या हातून झाल्याचे त्यात म्हटले होते. डिसेंबरमध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने शवागाराच्या नोंदी आणि स्वयंसेवी संस्थांच्या याद्या ताडून पाहिल्या आणि नऊ ते अकरा हजार नागरिक मेल्याचे प्रसिद्ध केले. त्यांपैकी सुमारे एकतृतीयांश मृत्यू आघाडीच्या किंवा इराकी फौजांच्या माऱ्यात झाले होते, आणखी एकतृतीयांश इस्लामिक स्टेटच्या हातून. उरलेल्यांना कोणी मारले हे ठरवताच आले नाही.

हे चारही आकडे एकाच गोष्टीचे नाहीत, हे मान्य करायला हवे. पहिला फक्त आघाडीच्या जबाबदारीचा आहे, दुसरा सरकारचा आहे, तिसरा साक्षीपुराव्याने पडताळलेल्या घटनांचा आहे. तरीही तीनशे सव्वीस आणि अकरा हजार यांच्यामधली दरी एवढ्याने भरून निघत नाही. मोसूलवर चोवीस तास टेहळणीची विमाने घिरट्या घालत होती. छपरावरचा एकटा बंदूकधारी त्यांच्या कॅमेऱ्यांना दिसत होता. इतक्या बारकाईने पाहिल्या गेलेल्या युद्धात मेलेली माणसे मात्र मोजली गेली नाहीत. असे का व्हावे? हा निव्वळ निष्काळजीपणा होता असे म्हणून भागत नाही. मोहिमेची आखणीच अशी होती की मरणाचा भार एकाने उचलायचा आणि हिशेब दुसऱ्याने ठेवायचा. या लेखात त्या आखणीचा माग घ्यायचा आहे.

शहर पडले कसे

मोसूल हे तैग्रिस नदीच्या दोन्ही काठांवर वसलेले, सुन्नी अरबांची बहुसंख्या असलेले, पण कुर्द, ख्रिस्ती, यझिदी, तुर्कमेन, शबक अशा अनेकांचे शहर. पूर्वेच्या काठावर प्राचीन निनेवेचे अवशेष आहेत. पश्चिमेला जुने शहर, त्यात बाराव्या शतकातली अल-नूरी मशीद आणि तिचा कललेला मिनार. मोसूलकर त्याला 'अल-हद्बा' म्हणजे 'कुबडा' म्हणत. इराकच्या नोटेवरही तो छापलेला आहे.

जून २०१४ मध्ये इस्लामिक स्टेटच्या हजार-दीड हजार हल्लेखोरांनी हे शहर चार-पाच दिवसांत घेतले. १० जूनला ते पडले तेव्हा कागदावर त्याच्या रक्षणाला सैन्याची कित्येक पट संख्या होती. कागदावर, हे महत्त्वाचे. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरअखेर अबादींनी संसदेत सांगितले की सैन्याच्या पगारपत्रकावर पन्नास हजार 'भूत-सैनिक' आढळले आहेत. म्हणजे ज्यांचा पगार निघतो, पण जे छावणीत नसतात, काही वेळा अस्तित्वातच नसतात. मोसूलची कहाणी अशी पहिल्यापासूनच खोट्या मोजणीशी जोडलेली आहे.

मात्र केवळ भ्रष्टाचाराने शहर पडले असेही नाही. २००३ च्या अमेरिकी आक्रमणानंतर सद्दामचे सैन्य बरखास्त झाले आणि हजारो प्रशिक्षित अधिकारी रस्त्यावर आले. नंतरच्या शियाबहुल सरकारने सुन्नी प्रांतांत सैन्याचा वापर केला तो पोलिसी दडपशाहीसारखा. तपासनाक्यांवरचा अपमान आणि लाचखोरी यांना शहर विटले होते. त्यामुळे हे सैन्य पळाले तेव्हा अनेकांना दुःख झाले नाही. आपल्यावर पुढे काय येणार आहे, हे थोड्याच दिवसांत कळले.

१२ जूनला तिक्रितजवळच्या स्पायकर तळावरील सतराशेच्या आसपास प्रशिक्षणार्थी जवानांना ठार मारण्यात आले. ४ जुलैला अबू बकर अल-बगदादी अल-नूरी मशिदीत खलिफा म्हणून उभा राहिला. मोसूलच्या ख्रिस्ती घरांवर अरबी 'नून' हे अक्षर रंगवले गेले आणि जुलै संपायच्या आत बहुतेक कुटुंबे अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडली. ३ ऑगस्टला सिंजारवर हल्ला झाला. यझिदी पुरुषांची कत्तल झाली, हजारो स्त्रिया-मुले पळवून गुलाम म्हणून विकली गेली. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने २०१६ मध्ये याला वंशसंहार म्हटले. पुढे शांततेचे नोबेल मिळालेली नादिया मुराद ही कोचो गावची मुलगी मोसूलमध्येच कैदेत होती.

या राजवटीच्या ओढीने शंभरावर देशांतून माणसे आली. मे २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण यात्रेकरूंच्या गटाबरोबर बगदादला पोहोचले आणि तिथून नाहीसे झाले, हे महाराष्ट्रातल्या वाचकांच्या स्मरणात असेल. त्यांतला एक नोव्हेंबरात परतला आणि राष्ट्रीय तपास यंत्रणेने त्याला अटक केली. युद्ध टाळता आले असते का, हा प्रश्न म्हणूनच सोपा नाही. जी सत्ता माणसे विकत होती ती वाटाघाटींनी मोसूल सोडणार नव्हती. लढाई गरजेची होती, असे शहरातले बहुसंख्य लोकही म्हणत होते. प्रश्न होता तो लढण्याच्या पद्धतीचा.

वरून विमाने, खाली इतरांची माणसे

८ ऑगस्ट २०१४ ला अमेरिकेने इराकमध्ये हवाई हल्ले सुरू केले. सप्टेंबरात फ्रान्स आणि ब्रिटन सामील झाले. त्याच महिन्यात सीरियात हल्ले सुरू झाले तेव्हा जॉर्डन, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, बहारीन आणि कतार बरोबर होते. पुढे आघाडीच्या यादीत सत्तरहून अधिक देश आणि संघटना आल्या. मोहिमेला 'इन्हेरंट रिझॉल्व्ह' असे नाव मिळाले.

या आघाडीचे एक अलिखित सूत्र होते. इराक आणि अफगाणिस्तानच्या अनुभवानंतर पाश्चात्त्य देशांतल्या मतदारांना आपल्या जवानांच्या शवपेट्या पाहायच्या नव्हत्या. म्हणून विमाने, तोफा, टेहळणी आणि सल्लागार आघाडीने पुरवायचे. पायी चालून घर न घर घ्यायचे काम स्थानिक फौजांनी करायचे. इराकमध्ये ते सैन्याने, पोलिसांनी, कुर्द पेशमर्गांनी आणि शिया आयातुल्ला सिस्तानी यांच्या जून २०१४ च्या फतव्यानंतर उभ्या राहिलेल्या 'हश्द अल-शाबी' या लोकसेनेने केले. या लोकसेनेतल्या अनेक टोळ्यांना इराणचे पाठबळ होते. म्हणजे अमेरिका आणि इराण एकाच शत्रूशी, एकाच रणांगणावर, एकमेकांशी न बोलता लढत होते. सीरियात हे काम कुर्दांच्या पुढाकाराने लढणाऱ्या सैन्याने केले. त्यांनी आपले अकरा हजार लढवय्ये गमावल्याचे सांगितले.

पद्धत परिणामकारक ठरली, हे नाकारता येत नाही. जानेवारी २०१५ मध्ये कोबानी वाचले, डिसेंबरात रमादी परत मिळाली, जून २०१६ मध्ये फलूजा. आघाडीच्या देशांचे सैनिक अगदी थोडे मेले. मोसूलच्या लढाईत कामी आलेल्या अमेरिकी सैनिकांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी आहे. इराकी दहशतवादविरोधी दलाचे, ज्याला लोक 'सुवर्ण डिव्हिजन' म्हणत, मोसूलमध्ये चाळीस टक्के नुकसान झाल्याचे अमेरिकी संरक्षण खात्याच्याच कागदपत्रांत नमूद आहे.

तैग्रिसच्या काठाची जुनी सवय

ही रचना नवी वाटली तरी तैग्रिसच्या काठाला ती परिचित आहे, आणि तिच्या पहिल्या प्रकरणात मराठी माणसे आहेत.

नोव्हेंबर १९१४ मध्ये ब्रिटिशांनी बसऱ्याच्या बाजूने मेसोपोटेमियात सैन्य उतरवले ते हिंदुस्थानातून आणलेले. त्या सैन्याचे नावच 'सहावी (पुणे) डिव्हिजन' होते. तिच्यात मराठ्यांच्या १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या पलटणी होत्या. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडची ही माणसे तैग्रिसच्या वरच्या अंगाला चालत गेली, बगदादच्या दाराशी अडली, मागे हटली आणि कूत येथे वेढ्यात सापडली. २९ एप्रिल १९१६ ला कूत पडले तेव्हा सुमारे तेरा हजार जण कैद झाले. त्यांत बहुसंख्य हिंदी होते. त्या कैद्यांना वाळवंटातून चालवत उत्तरेला नेले गेले. बगदाद, तिक्रित, मोसूल आणि पुढे रास अल-ऐन असा तो रस्ता होता. त्यावर किती मेले याची नीट नोंद नाही.

युद्धाच्या शेवटच्या आठवड्यात, ऑक्टोबर १९१८ अखेर, ११४ व्या मराठा पलटणीने मोसूलच्या दक्षिणेला शरकात येथे तुर्कांविरुद्ध कडवी लढाई दिली. एकाच लढाईत तिने दोन डझनांहून अधिक शौर्यपदके मिळवली. ३० ऑक्टोबरला तह झाला, आणि तहानंतर ब्रिटिशांनी मोसूल ताब्यात घेतले. जवळजवळ अठ्ठ्याण्णव वर्षांनी, सप्टेंबर २०१६ मध्ये, मोसूलकडे सरकणाऱ्या इराकी फौजांनी हेच शरकात इस्लामिक स्टेटकडून परत घेतले.

१९२० मध्ये इराकात ब्रिटिशांविरुद्ध उठाव झाला. तो मोडायला पुन्हा मुख्यतः हिंदी सैन्यच वापरले गेले, पण खर्च ब्रिटिश तिजोरीला झेपेना. मार्च १९२१ च्या कैरो परिषदेत वसाहतमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी तोडगा स्वीकारला. इराकची सुरक्षा पायदळाऐवजी विमानदलाकडे द्यायची, आणि जमिनीवर स्थानिक भरतीचे शिपाई ठेवायचे. ऑक्टोबर १९२२ मध्ये 'रॉयल एअर फोर्स'ने सूत्रे घेतली. कर न देणाऱ्या, बंड करणाऱ्या टोळ्यांच्या गावांवर बॉम्ब टाकले जाऊ लागले. दुसऱ्या महायुद्धात जर्मन शहरांवरच्या बॉम्बफेकीचे नेतृत्व करणारे आर्थर हॅरिस त्या काळात इराकमध्ये स्क्वाड्रन लीडर होते. विमानाचा मोठा गुण म्हणजे काटकसर, असे तेव्हा सांगितले जाई. ही काटकसर होती पैशांची आणि ब्रिटिश जिवांची. खाली मेलेल्यांची गणती कोणत्याच वहीत होत नव्हती.

२०१६ चे मोसूल आणि १९२२ चे इराक एक नव्हेत. आता शत्रू कर बुडवणारी टोळी नव्हती, निशाणा धरणारे बॉम्ब होते, लष्करी वकील हल्ल्यापूर्वी सल्ला देत होते आणि इराकच्या सरकारनेच मदत मागितली होती. सारखी राहिली ती एकच गोष्ट. आकाशातून लढणारा खाली उतरून पाहत नाही.

पूर्वेचा काठ, पश्चिमेचा काठ

मोसूल घ्यायला इराकी सैन्य, पोलीस, पेशमर्गा आणि लोकसेना मिळून लाखाच्या आसपास माणसे जमली. लढाईआधी विमानांतून शहरावर पत्रके टाकण्यात आली. त्यांत नागरिकांना सांगितले होते की घरातच थांबा. या सूचनेमागे कारण होते. दहा-पंधरा लाख माणसे एकदम बाहेर पडली तर त्यांना ठेवायला छावण्या नव्हत्या. पण याचा अर्थ असा की लढाई भरलेल्या घरांमधून होणार होती.

दुसरा निर्णय वेढ्याचा. सुरुवातीला पश्चिमेची बाजू मोकळी राहील आणि इस्लामिक स्टेटचे लढवय्ये तिकडून सीरियाकडे निघून जातील, अशी एक शक्यता होती. नोव्हेंबरात लोकसेनेने ताल अफरकडचा रस्ता तोडला आणि ती बंद झाली. शत्रू निसटू नये हा हेतू योग्य होता. पण पळायला वाट नसलेला शत्रू शेवटपर्यंत लढतो, आणि त्याच्याबरोबर शहरही अडकते.

पूर्वेचा काठ तुलनेने नव्या वस्तीचा, रुंद रस्त्यांचा. तिथे सुवर्ण डिव्हिजन १ नोव्हेंबरला शिरले. समोरून पत्रे ठोकून चिलखती केलेल्या आत्मघाती मोटारी धावून येत. बाजारात मिळणाऱ्या ड्रोनला हातबॉम्ब बांधून ते सैनिकांच्या डोक्यावर सोडले जात. घरांच्या भिंती फोडून शत्रूने आतल्या आत वाटा केल्या होत्या. इथे सैनिकांनी शक्यतो माऱ्यावर आवर ठेवला, आणि त्याची किंमत स्वतः मोजली. त्यांचेच सर्वाधिक लोक या टप्प्यात पडले. २४ जानेवारी २०१७ ला पूर्व काठ मुक्त झाल्याचे जाहीर झाले.

दरम्यान, डिसेंबरात आघाडीने हवाई हल्ल्याला मंजुरी देण्याचे अधिकार रणांगणाजवळच्या अधिकाऱ्यांपर्यंत खाली आणले. सैनिकांना मदत लवकर मिळावी, हा उद्देश होता. पण आता ते ज्या पश्चिम काठाकडे वळणार होते, तिथले जुने शहर अगदी दाट होते. दोन माणसे शेजारी चालू शकणार नाहीत असे बोळ, एकमेकांना टेकलेली दगडी घरे. १९ फेब्रुवारीला पश्चिमेवर चढाई सुरू झाली. इस्लामिक स्टेटने माणसांना बंदुकीच्या धाकाने वस्ती-वस्तीतून मागे नेले, घरांमध्ये कोंडले, दारे बंद केली आणि छपरांवर नेमबाज बसवले. पळणाऱ्यांवर गोळ्या घातल्या. दमलेल्या, निम्म्यावर आलेल्या पलटणी आता प्रत्येक छपरासाठी विमान मागू लागल्या.

१७ मार्चला अल-जदिदा वस्तीत हेच घडले. एका घराच्या छपरावर दोन नेमबाज होते. आघाडीच्या विमानाने पाचशे पौंडांचा एक बॉम्ब टाकला. घर कोसळले. खालच्या मजल्यांवर आसऱ्याला आलेली कुटुंबे होती. अमेरिकेच्या चौकशीनुसार किमान १०५ नागरिक मेले. इस्लामिक स्टेटने घरात ठेवलेल्या स्फोटकांमुळे इमारत पडली, एकट्या बॉम्बने एवढा विध्वंस झाला नसता, असा त्या चौकशीचा निष्कर्ष होता. शेजाऱ्यांना तो पटला नाही. निष्कर्ष मान्य केला तरी मूळ गोष्ट तशीच राहते. दोन माणसांसाठी ते घर निवडताना, त्यात शंभरावर माणसे आहेत हे वर कोणालाही माहीत नव्हते.

२१ जूनला इस्लामिक स्टेटने स्वतःच अल-नूरी मशीद आणि कुबडा मिनार सुरुंग लावून उडवला. ज्या व्यासपीठावरून खिलाफत सांगितली गेली तिथे विरोधकांचा झेंडा लागू नये म्हणून आठशे वर्षांची वास्तू संपवण्यात आली. नदीवरचे पाचही पूल तोपर्यंत मोडले होते. नऊ-दहा लाख माणसे बेघर झाली होती. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार शहरात सुमारे ऐंशी लाख टन ढिगारा पडला होता, आणि त्या ढिगाऱ्यात प्रेते होती.

मोजणारे

हे ढिगारे उपसले कोणी? नागरी संरक्षण दलाच्या मूठभर लोकांनी, साध्या फावड्यांनी, नातेवाइकांच्या सांगण्यावरून. एखादा माणूस येई आणि म्हणे, इथे माझी बायको आणि तीन मुले आहेत. मग खणायचे. शवागारात नोंद व्हायची. या नोंदींतूनच पुढे पत्रकारांच्या हाती ९,६०६ नावांची यादी आली. ती अपुरी होती, तिच्यात काही लढवय्येही असण्याची शक्यता होती. तरी ती नावांची यादी होती.

आघाडीचे म्हणणे असे होते की मोसूलमध्ये प्रत्यक्ष जाऊन चौकशी करण्याइतकी साधने आपल्याकडे नाहीत. ती विमानाच्या नोंदी आणि चित्रफिती तपासत असे. चित्रफितीत घर पडताना दिसते, घरातले दिसत नाहीत. मग 'पुरावा पुरेसा नाही' असा शेरा पडे. अमेरिकी पत्रकार अझमत खान यांनी सहकाऱ्यासह इराकमध्ये हल्ल्यांच्या जागी जाऊन तपास केला. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यांनी दाखवले की आघाडीच्या दर पाच हल्ल्यांपैकी एकात नागरिक मेले होते. अधिकृत दाव्याच्या हे प्रमाण एकतीस पट होते. पुढच्या काही वर्षांत आघाडीने आपल्या साऱ्या मोहिमेतले चौदाशेच्या वर नागरी मृत्यू मान्य केले. स्वतंत्र संस्थांचे अंदाज त्याच्या कित्येक पट आहेत.

हा दोष एकट्या अमेरिकेचा नव्हता. जून २०१५ मध्ये डच विमानांनी हवीजा शहरातील बॉम्बच्या कारखान्यावर हल्ला केला. आतल्या स्फोटकांनी आजूबाजूची वस्ती उडाली आणि किमान सत्तर नागरिक मेले. नेदरलँड्सच्या जनतेला हे आपल्या विमानांचे काम असल्याचे २०१९ मध्ये, पत्रकारांच्या शोधामुळे कळले. संसदेला आधी चुकीची माहिती दिली गेली होती. ब्रिटनचा दावा तर याहून विलक्षण आहे. इराक-सीरियात हजारो बॉम्ब-क्षेपणास्त्रे टाकूनही आपल्या विमानदलाच्या हातून एकच नागरिक मेला, तोही २०१८ मध्ये, असे ते सरकार सांगत आले आहे. १९२२ च्या वहीत आकडा नव्हता. आता वहीत आकडा आहे, एक.

मोजणी झाली नाही याचे नुकसान केवळ नैतिक नाही. कोणत्या प्रकारच्या हल्ल्यात माणसे मरतात हे न कळल्याने त्याच चुका पुन्हा झाल्या. मोसूल संपत होते तेव्हाच सीरियात रक्काची लढाई सुरू झाली होती, आणि ऑक्टोबर २०१७ पर्यंत तेही शहर तसेच जमीनदोस्त झाले. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने नागरी हानी कमी करण्याचा सविस्तर आराखडा प्रसिद्ध केला तो ऑगस्ट २०२२ मध्ये, पत्रकारांनी सरकारी कागदपत्रे बाहेर काढल्यानंतर.

मोसूलमध्ये एक मोजणारा असाही होता ज्याचा पेशाच इतिहास लिहिण्याचा. ओमर मोहम्मद हे मोसूल विद्यापीठातले तरुण इतिहासकार. इस्लामिक स्टेट शहरात आल्यापासून ते 'मोसूल आय' या टोपणनावाने इंटरनेटवर रोजच्या घटना लिहीत राहिले. कोणाला मारले, कोणत्या दुकानावर कोणता कर बसला, बाजारात काय बोलले जाते. दिवसा ते त्या राजवटीत वावरत आणि रात्री नोंद करत. २०१५ च्या अखेरीस ते शहरातून निसटले. आपले खरे नाव त्यांनी डिसेंबर २०१७ मध्ये सांगितले. तोपर्यंत ते घरच्यांनाही ठाऊक नव्हते. सत्तरहून अधिक देशांच्या आघाडीकडे नव्हते असे एक साधन त्यांच्याकडे होते. त्यांना गल्ल्या माहीत होत्या आणि गल्लीतल्या माणसांची नावे माहीत होती.

आकडा आणि नाव

जून २०१४ मध्ये मोसूलमध्ये चाळीस भारतीय बांधकाम कामगार पकडले गेले. बहुतेक पंजाबचे, काही हिमाचल, बिहार, बंगालचे. एक निसटला. उरलेल्या एकोणचाळीस जणांचे काय झाले हे जवळजवळ चार वर्षे घरच्यांना माहीत नव्हते. शहर मुक्त झाल्यावर बदूश गावाजवळच्या एका टेकाडाखाली सामूहिक दफन सापडले. भारतातून कुटुंबीयांचे डीएनए नमुने बगदादला गेले, हाडांशी ताडले गेले. २० मार्च २०१८ ला परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी संसदेत मृत्यू जाहीर केले आणि एप्रिलच्या सुरुवातीला अवशेष घरी आले. बातमी आधी आपल्याला न सांगता संसदेत सांगितली, ही कुटुंबांची तक्रार रास्त होती. तरी या प्रकरणाने एक गोष्ट सिद्ध झाली. ठरवले तर मोसूलच्या मातीतूनही प्रत्येक माणूस नावानिशी शोधता येतो. त्यासाठी मागे लागणारे सरकार, नमुने आणि वेळ लागतो. मोसूलच्या बहुतेक मृतांच्या वाट्याला यांतले काहीच आले नाही.

याच नदीच्या खालच्या अंगाला, बसऱ्याजवळ, पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात पडलेल्या आणि ज्यांची थडगी नाहीत अशा चाळीस हजारांहून अधिक सैनिकांचे स्मारक आहे. १९९७ मध्ये सद्दामच्या आदेशाने ते मूळ जागेवरून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात हलवले गेले. त्याच्या भिंतींवर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरलेली आहेत. हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. साध्या हिंदी शिपायांच्या बाबतीत मात्र पलटणीचे नाव आणि पुढे मृतांचा आकडा एवढेच कोरले गेले. पुणे डिव्हिजनच्या मराठा शिपायांचीही तीच गत. राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाने या भेदभावाबद्दल माफी मागितली ती एप्रिल २०२१ मध्ये, म्हणजे शतक उलटून गेल्यावर.

मोसूलचा कुबडा मिनार आता पुन्हा उभा आहे. युनेस्कोच्या पुढाकाराने आणि अमिरातीच्या पैशाने तो जुन्याच विटा शक्य तितक्या वापरून बांधला गेला, पूर्वीसारखाच कललेला. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. मोसूलच्या गवंड्यांनी तो बांधला, ही आनंदाची गोष्ट आहे. आघाडीची इराकमधली मोहीम आवरती घेण्याचे वेळापत्रकही ठरले आहे. मोहीम संपेल तेव्हा तिचे मूल्यमापन होईल. किती किलोमीटर प्रदेश परत मिळाला, किती हल्ले केले, किती खर्च आला, हे सारे अचूक सांगितले जाईल, आणि इस्लामिक स्टेटचा पराभव झाला हे त्यात खरेच असेल.

शवागारातली ती ९,६०६ नावांची यादी मात्र आघाडीतल्या कोणत्याही देशाने आपली म्हणून उचललेली नाही. बसऱ्याच्या शिपायांना नाव मिळायला शंभर वर्षे लागली, कारण त्यांची नावे तेव्हा कोणी कोरली नव्हती. मोसूलची नावे लिहिलेली आहेत. ती वाचायची की नाही, एवढेच ठरवायचे उरले आहे.